माळावरची सोयरीक

म्हस्कूची नात हर्षदा केंदूरला दिली, त्या वर्षीची ही गोष्ट. साल दोन हजार तेवीस. करोनाची पट्टी लोकांच्या तोंडावरून उतरली होती आणि राहून गेलेली लग्नं एकावर एक लागत होती. हर्षदाचं लग्न वैशाखात ठरलं. सोयरे चांगले, मुलगा कंपनीत परमनंट, म्हस्कूच्या जिवाला घोर असा कसलाच नव्हता. पण वैशाख उजाडायच्या आधीच त्याच्या घरात दुसरीच एक सोयरीक होऊन बसली, आणि तिची खबर त्याला सरकारकडून कळली.

म्हस्कूचं घर मांडवगण फराट्याच्या वरच्या अंगाला, माळाच्या कडेला. खाली नदीकडं बघावं तर उसाचा हिरवा पट्टा, आणि भीमेच्या पलीकडं दौंड तालुका. वर बघावं तर नुसतं पिवळं गवत, काळे दगड आणि हिवराची चार झाडं. हा माळ वनखात्याचा. म्हस्कूच्या बापजाद्यांनी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत पायपीट केली होती. म्हस्कूनं ती थांबवली, कांदा लावला, घरावर स्लॅब टाकला, पोरगा संपत रांजणगावला कंपनीत चिकटला. तरी वीसेक मेंढरं त्यानं ठेवलीच होती. संपत म्हणायचा, "आबा, आता इका की ती." म्हस्कू म्हणायचा, "इकतो. पन मग सकाळी उठून मी जाऊ कुठं, त्ये सांग." म्हणून मेंढरं होती. आणि मेंढरं होती म्हणून कुत्रा होता.

कुत्र्याचं नाव चेअरमन. हे नाव संपतनं ठेवलेलं. पिल्लू असताना जेवणाच्या वेळी ते सगळ्यांच्या पुढं असायचं आणि कामाच्या वेळी कुणाला दिसायचं नाही. नेमके त्याच साली गावातले बागायतदार हौसराव सोसायटीचे चेअरमन झाले होते. पुढच्या निवडणुकीत हौसराव पडले, कुत्र्याचं पद मात्र कायम राहिलं. मोठा झाल्यावर तो कामालाही लागला. तांबडा, उंच, एक कान फाटलेला. मेंढरांभोवती फिरायला लागला की म्हस्कूनं घोंगडं टाकून खुशाल डोळा मिटावा. पण एकदा हौसराव रस्त्यानं चालले असताना म्हस्कू मोठ्यांदा ओरडला, "आरं ए चेअरमन, उकिरड्यातनं भाइर ये!" त्या दिवसापासून हौसरावांनी म्हस्कूच्या घरचा चहा सोडला.

तर झालं असं. पौषाच्या थंडीत माळावर वनखात्याची जीप आली. जीपमधून गावचा वनरक्षक ज्ञानदेव उतरला आणि त्याच्यामागून एक बाई उतरल्या. सुलक्षणा मॅडम. माहेर सातारचं, नोकरी दिल्लीच्या मोठ्या हापिसात. देशातली अभयारण्यं आणि रानातली जनावरं यांचा सगळा कारभार बघणारं ते हापिस. मॅडमनी हातात रबरी मोजे घातले, आणि दोघं वाकून गवतात काहीतरी हुडकायला लागले. म्हस्कूला वाटलं, बाईचं मंगळसूत्र-बिंगळसूत्र पडलं असणार. तो काठी टेकत गेला.

"काय हारपलंय का बाई?"

"नाही आजोबा. लांडग्याची विष्ठा गोळा करतोय."

म्हस्कूनं ज्ञानदेवकडं बघितलं. ज्ञानदेव खाली मान घालून म्हणाला, "आबा, गू. लांडग्याचा."

"त्यो कशाला?"

"दिल्लीला पाठवायचाय तपासायला."

म्हस्कूनं जरा विचार केला. "दिल्लीत त्याचीबी टंचाई झाली व्हय?"

मॅडम हसल्या, तिथंच म्हस्कूला बाई बरी वाटली. त्यांनी समजावून सांगितलं. माळावर लांडगे किती, कुठल्या कुटुंबातले, काय खातात, हे सगळं त्यातून कळतं. त्या बोलत असताना चेअरमन जवळ येऊन बसला. मॅडम त्याच्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, माळाच्या कडेच्या सगळ्या कुत्र्यांची लाळ पण घ्यायचीय. त्यांनी एक काडी काढली आणि चेअरमनच्या गालात फिरवली. म्हस्कूला ही काडी ओळखीची होती, करोनात त्याच्याही नाकात घातली होती. "पॉझिटिव्ह निघाला तर ह्याला क्वारंटाइन कुठं करायचा? शाळेत का?" असं तो म्हणाला, आणि ज्ञानदेवनं हसू दाबण्यासाठी नाकाला रुमाल लावला.

घरी आल्यावर म्हस्कूनं बायकोला, गिताबाईला, ही हकिगत सांगितली. गिताबाई भाकरी थापायची थांबली. "आपल्या हर्षदाला बारावीपतूरच शिकवली त्येच बरं झालं. लई शिकली आसती तर हेच करत बसली आसती."

गावात हौसरावांच्या बंगल्यावरही ज्ञानदेव काडी घेऊन गेला होता. हौसरावांकडं टायसन नावाचा काळाभोर कुत्रा होता, पुण्याहून आणलेला, लोंबत्या कानांचा. तो जर्मनीचा की इंग्लंडचा हे हौसरावांना स्वतःला ठाऊक नव्हतं, पण खानदानी आहे एवढं ते सगळ्यांना सांगत. "आमचा कुत्रा कंपाउंडच्या भाइर पाय टाकत न्हाई," ते म्हणाले. "खानदानी जनावराच्या तोंडात काड्या घालायच्या नसत्यात. माळावरच्या बेवारशांच्या घाला." ज्ञानदेव परत आला.

फाल्गुनात मॅडम पुन्हा आल्या. या खेपेला त्यांनी देवळासमोरच्या पारावर माळाकडेच्या लोकांना बोलावलं. चहा झाला. मग त्या उभ्या राहिल्या.

"ह्या माळावर आता लांडग्याची एकच मादी राहिलीय. तिचा नर गेल्या उन्हाळ्यात नदी ओलांडून दौंडकडं गेला आणि चौफुल्याच्या रस्त्यावर गाडीखाली सापडला. ह्या हिवाळ्यात मादीला पिल्लं झाली. त्यातल्या दोघांची तपासणी आम्हाला करता आली. त्यांचा बाप लांडगा नाही. कुत्रा आहे."

कुत्री पाळणारे लोक एकमेकांकडं बघायला लागले. म्हस्कूनंही इकडंतिकडं बघितलं, की बुवा कुणाचं असंल हे लक्षण.

"कुणाचा कुत्रा, तेही कळलंय," मॅडम म्हणाल्या. "आजोबा, तुमचा."

पहिले हसले ते गंमत बघायला येऊन बसलेले हौसराव. मांडीवर थाप मारून हसले. "आरं म्हस्कू, वरबाप झालास की लेका! पेढं कुठं हायती? आरं सोयरीक करावी ती आशी, हुंडा न्हाई, मांडव न्हाई, सरकारनं येऊन सांगावं का तुला नातवंडं झाल्यात म्हणून!" सगळा पार हसायला लागला. म्हस्कूचे कान तापले. चेअरमन पाराखाली पडल्या पडल्या पायानं मान खाजवत होता, आपल्याला जसं काही ऐकूच येत नाही.

हसू ओसरल्यावर मॅडमनी पुढचं सांगितलं. असं होत राहिलं तर खरे लांडगे संपतील. जनुकं मिसळतात, आजार लागतात. म्हणून माळाभोवतीच्या सगळ्या कुत्र्यांना लस टोचायची आणि त्यांची नसबंदी करायची. पिल्लं मोठी झाली की त्यांना पकडून त्यांचीही नसबंदी करायची आणि परत माळावर सोडायचं. दौंडच्या जनावरांच्या दवाखान्यात सोय केलीय, गाडी खात्याची.

नसबंदी हा शब्द ऐकला मात्र, म्हस्कू उठून उभा राहिला. आणीबाणीत तो तेवीस वर्षांचा होता. अशीच सरकारी जीप आली होती, आणि हा गडी दिवसभर मेंढरांच्या कळपात घोंगडं पांघरून चार पायांवर उभा होता. जीपमधल्या माणसानं मेंढरं मोजली असती तर एक जास्त भरलं असतं. त्यात तो वाचला, पण तेव्हापासून सरकारी जीप दिसली की त्याचा हात अजून धोतराच्या गाठीकडं जायचा.

"न्हाई," म्हस्कू म्हणाला. "मी सुटलो त्यातनं आन् आता माझं कुत्रं द्यू व्हय? आन् मॅडम, एक सांगा. दुसऱ्या जातीत लग्न केलं तर सरकार अनुदान देतं, आसं आमचा संपत सांगतो. मग हितं आमच्या पोरानं क्येलं तर त्याची नसबंदी?"

पार पुन्हा हसला, पण या वेळी म्हस्कूच्या बाजूनं. मॅडम हळूच म्हणाल्या, "आजोबा, बळजबरी कुणी करणार नाही. पण असंच सोडून दिलं तर वरून हुकूम येईल. मग चेअरमनला माळापासून लांब, पुण्याला, कुत्र्यांच्या निवाऱ्यात न्यावं लागेल. महिनाअखेरीला मी परत येते. तोवर विचार करा."

म्हस्कू कुत्र्याला घेऊन घरी आला. पुणं. चेअरमननं आजवर शिरूरचा बाजारसुद्धा बघितला नव्हता.

गिताबाईला सगळं कळलेलंच होतं, गावात बातमी माणसाच्या आधी घरी पोचते. ती चुलीपुढं बसून होती. म्हस्कूला वाटलं आता ही पण हसणार. पण तिनं विचारलं भलतंच.

"तिचा नर मेला म्हनं?"

"व्हय. चौफुल्याला."

"म्हंजी रांडाव झालेली. आन् आपल्या चेअरमननं पाट लावला." गिताबाईनं लाकूड पुढं सारलं. "मग त्यात हसन्यासारखं काय हाय? माझ्या थोरल्या भनीचा न्हाई का पाट लागला? चांगला संसार झाला तिचा. एकल्या बाईमानसानं त्या माळावर चार लेकरं कशी वाढवायची?"

बायको बोलली ते म्हस्कूला पटलं, आणि तिथूनच सगळा घोटाळा सुरू झाला. कारण धनगराच्या घरात सोयरीक म्हणजे सोयरीक. ती कुठं झाली, कशी झाली, हे विचारायचं नसतं. झाली की मानायची आणि निभवायची.

चार दिवसांनी सकाळीच तो मेंढरं घेऊन माळावर गेला. ऊन जरा वर आलं आणि हिवराच्या झुडपातून लांडगीण निघाली. वाळकी, राखाडी, पोट पाठीला लागलेलं. म्हस्कूनं काठी उचलली, तोंडातून हाळी निघणार, एवढ्यात त्याला आठवलं. हात तसाच वर राहिला. सुनेवर काठी उगारायची? तीही लेकुरवाळी? तेवढ्यात तिनं एक कोकरू मानेला धरलं. चेअरमन उठला, आणि म्हस्कूला वाटलं आता तरी हा धावंल. तर तो शेपूट हालवत चार पावलं पुढं गेला आणि बसला. लांडगिणीनं एकदा दोघांकडं बघितलं आणि ती कोकरू घेऊन निघून गेली.

"न्ये बाई," म्हस्कू मागून म्हणाला. "पन सांगून न्यावं."

दुपारी ज्ञानदेव पंचनाम्याला आला. लांडग्यानं जनावर मारलं की खातं भरपाई देतं. त्यानं पाटी मांडीवर घेतली, पेन काढलं.

"आबा, किती वाजता झालं?"

"झालं काय? काय झालं न्हाई."

"आबा, संपतनं फोन केला मला. कोकरू नेलं म्हणून."

"नेलं. सुनेनं सासरच्या कणगीतनं पायलीभर दानं नेलं तर तू पंचनामा करतूस व्हय रं?"

ज्ञानदेवनं पेन कानावर ठेवलं. "मग मी आता ह्या रकान्यात लिहू काय?"

"लिही, घरच्या घरी मिटलं."

ज्ञानदेव कागद कोराच घेऊन गेला. पण गाडीवर बसून त्यानं मॅडमना फोन लावला, आणि बोलताना तो फार हसत होता, असं नंतर संपतनं सांगितलं.

गिताबाईनं मात्र याच्यावर कडी केली. कोकराची गोष्ट ऐकून ती म्हणाली, "म्हंजी तिला खायला न्हाई. बाळंतीण हाय ती, आन् आपुन तिला वाऱ्यावर सोडलीय. लोक काय म्हनतील?" तिनं डिंक तळला, खारीक-खोबरं कुटलं, गूळ घातला आणि चांगले मुठीएवढे लाडू वळले. हर्षदा म्हणाली, "आजी, लांडगा लाडू खातो का?" गिताबाई म्हणाली, "तू बाळंत झालीस का मग सांगीन तुला, काय काय खावं लागतं त्ये." लाडू हिवराखालच्या सपाट दगडावर ठेवून ती आली.

ते लाडू चेअरमननं खाल्ले. रोज सकाळी ठेवायचे आणि त्यानं दुपारपर्यंत साफ करायचे. आठवड्याभरात त्याच्या अंगावर तकाकी आली. म्हस्कूच्या ध्यानात आलं, पण तो बोलला नाही. बाळंतिणीचे लाडू बाप्यानं खाल्ले, ही गोष्ट घराबाहेर गेली तर आणखी हसू झालं असतं.

महिनाअखेरीला मॅडम आल्या त्या नेमक्या लाडू ठेवायच्या वेळी. त्यांनी डबा बघितला, दगड बघितला आणि कपाळाला हात लावला.

"आजी, असं करू नका हो! रानातल्या जनावराला खायला घालायचं नाही. त्याची माणसाची भीती जाते. मग ते घरापर्यंत येतं, आणि कुणीतरी त्याला काठीनं मारून टाकतं."

"आमच्या सुनंला कोन मारतोय बघतेच की मी," गिताबाई म्हणाली.

मॅडम त्या दगडावरच बसल्या. त्यांना हसावं की रडावं कळत नव्हतं. दिल्लीत त्यांनी याच्यावर पुष्कळ वाचलं होतं, पण सासूचं काय करायचं हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. पिवळ्या गवताकडं बोट दाखवून त्या म्हणाल्या, "आजी, सोयरीक मानली ना तुम्ही? मग ऐका. ह्या माळावर त्या लांडगिणीच्या किती पिढ्या झाल्या कुणास ठाऊक. तुमच्या सासूच्या सासूनं पण त्यांचं ओरडणं ऐकलं असेल. आता ती एकटी उरलीय. सुप्याकडच्या माळावरून एखादा नर फिरत फिरत येऊ शकतो, लांडगा लांब चालतो. पण तो येईपर्यंत दर साली तिला कुत्र्याचीच पिल्लं झाली, तर तिच्यामागं लांडगा म्हणून कुणी राहणार नाही. दिसायला जनावरं असतील. घराणं संपलेलं असेल."

म्हस्कू मेंढरांमागं उभा होता. त्यानं काठी खाली टेकली.

"घरानं बुडंल? तिच्या माहेरचं?"

"हो."

"आन् आमच्या पायी?"

मॅडमनी होकाराची मान हलवली.

म्हस्कू खाली बसला. सोयऱ्याशी भांडावं, मानपानावरून रुसावं, वेळ पडली तर लग्नाच्या मांडवातून उठून जावं, हे सगळं त्यानं केलेलं होतं. पण ज्याच्या घरची लेक केली त्याचा वंश बुडवायचा, हे त्याच्या कुळात कुणी केलं नव्हतं. तसं करणाऱ्याच्या दारात कुणी पाणी पीत नाही.

"हे आधी सांगायचं व्हतं की वो बाई," तो म्हणाला. "तुमी आपलं पारावर उभं ऱ्हाऊन जनुक जनुक करत बसला. आमाला काय कळतंय? घरानं बुडतंय म्हनला आसता, तर मी त्याच दिशी चेअरमनला खांद्यावर घिऊन दौंडला चालत गेलो आसतो."

"म्हणजे तयार आहात?"

"मी हाय. पन एकल्या माझ्याच पोराचं करून घरानं वाचंल का?"

नाही वाचणार, मॅडमनी सांगितलं. सगळ्या कुत्र्यांचं करावं लागेल. आणि माळाकडेचे लोक हौसरावांच्या तोंडाकडं बघून चालणारे. ते म्हणाले नको, तर नको. सगळे होत नाहीत तोवर हुकूम टळत नाही, चेअरमनला पुण्याला जावंच लागेल. "तुम्ही बोलून बघता का त्यांच्याशी?" मॅडमनी विचारलं. आठ वर्षं ज्यानं म्हस्कूच्या घरचा चहा घेतला नव्हता त्याच्याशी बोलायचं.

पण गेला. धुतलेलं धोतर नेसला, पटका बांधला आणि बंगल्याच्या फाटकात जाऊन उभा राहिला. हौसराव झोपाळ्यावर होते, बायको सोजराबाई धान्य निवडत होत्या, टायसन फरशीवर पसरला होता.

"काय वरबाप?" हौसराव म्हणाले. "बारशाचं निमंत्रन का?"

"तसंच समजा. उद्या सकाळी माळावर या. नातवंडं बघायला. मॅडमनी दुर्बीन आनलीय."

हौसरावांना याहून मोठी मेजवानी काय हवी होती? दुसऱ्या दिवशी ते स्कॉर्पिओ काढून आले, वाटेत चारपाच जणांना गाडीत घेतलं, मागं सोजराबाई. म्हस्कूचा विचार असा होता की पिल्लं बघून माणूस मऊ पडतं, मग विषय काढावा. याच्या पलीकडं त्याच्या मनात काही नव्हतं, हे खंडोबाची शपथ घेऊन सांगता येईल.

दूरवर उतरणीला बिळापुढं पिल्लं खेळत होती. मॅडमनी दुर्बीण हौसरावांच्या हातात दिली.

"हां, दिसलं!" हौसराव ओरडले. "तांबडं. आगदी चेअरमन! म्हस्कू, नाकबी तसंच पसरट. दुसरं... दुसरंबी तांबडंच. बघा रं, आजाचा पटका तेवढा बांधायचा राह्यलाय." मंडळी खिदळली. "तिसरं राखाडी, ते आईवर गेलं. आन् चवथं..."

हौसराव थांबले. दुर्बीण डोळ्यावरून काढली, धोतराच्या सोग्यानं भिंग पुसलं आणि पुन्हा लावली.

"भिंगाला काय तरी लागलंय," ते म्हणाले.

"बघू," म्हणून सोजराबाईंनी दुर्बीण ओढून घेतली. त्यांनी निवांत बघितलं. चौथं पिल्लू काळंभोर होतं. कान खाली लोंबत होते, आणि ते बाकीच्यांच्या अंगावर पाय देऊन मधोमध पसरलं होतं.

"भिंगाला काय लागलेलं न्हाई," सोजराबाई म्हणाल्या. "टायसनचं तोंड हाय त्ये."

"टायसन कंपाउंडच्या भाइर पाय टाकत न्हाई!"

"तुमी झोपलेलं असता तवा टाकतो की. सारं आंगन घान करतो म्हनून मीच रोज पहाटं सोडते त्याला. चांगला तासा-दोन तासानं येतो. मला वाटलं फिरून येत आसंल."

एका वेतात दोन बाप असू शकतात, कुत्र्या-लांडग्यात होतं असं, एवढं मॅडम हळूच म्हणाल्या. गाडीतून आलेली मंडळी आभाळाकडं, दगडाकडं, कुठंकुठं बघत होती. आमच्या घरात पाट लावत नाहीत, असं जन्मभर मिशीला पीळ देऊन सांगणारे हौसराव तोंड उघडं टाकून उभे होते. त्यांच्या खानदानी कुत्र्यानं पाट लावला होता, तोही वाटणीत.

म्हस्कूच्या मनात आलं, आता बोलावं. पारावरचं सगळं व्याजासकट फेडता आलं असतं. मागं उभ्या लोकांना तेच हवं होतं. पण समोर आता हौसराव नव्हते. एकाच घरची लेक दोघांकडं आली, म्हणजे हा आता सोयऱ्याचा सोयरा. घरातला माणूस. त्याचं हसू करायचं नसतं.

"घरी चला," म्हस्कू म्हणाला. "चहा घिऊ."

आणि आठ वर्षांनी हौसराव म्हस्कूच्या ओट्यावर बसले. गिताबाईनं बशीत चहा दिला, वर उरलेला डिंकाचा लाडू ठेवला. हौसरावांनी अर्धा लाडू खाल्ला आणि विचारलं, "दौंडला गाडी कवा जानार हाय म्हनला मॅडम?"

"गुरवारी."

"खात्याच्या गाडीत नगं. जाळीच्या पिंजऱ्यात घालत्यात. आपली स्कॉर्पिओ काढू." जरा वेळानं ते म्हणाले, "म्हस्कू, दुखतं का रं त्ये?"

"मला काय म्हाईत? मी मेंढरात लपलो व्हतो."

गुरुवारी स्कॉर्पिओ भीमेच्या पुलावरून दौंडकडं निघाली. मागच्या सीटवर एका खिडकीला चेअरमन, दुसऱ्या खिडकीला टायसन, मधे म्हस्कू. दोन्ही कुत्री नवीन नवरदेवासारखी बाहेर बघत होती. हौसराव पुढं बसून सारखे मागं वळत होते. स्कॉर्पिओच्या मागं खात्याची जीप, आणि तिच्यात माळाकडेची बाकीची सगळी कुत्री; कारण हौसरावांचा टायसन चालला म्हटल्यावर मागं राहणं कुणालाच बरं दिसलं नसतं. दवाखान्याच्या दारात चेअरमननं म्हस्कूकडं एकदा बघितलं, आणि म्हस्कूला मेंढरात चार पायांवर उभं राहिलेला तो दिवस आठवला. तो बाहेर जाऊन कडुनिंबाखाली बसला. थोड्या वेळानं हौसराव पण येऊन शेजारी बसले. आतून टायसन ओरडला तेव्हा हौसरावांनी म्हस्कूचा दंड धरला, आणि चेअरमन ओरडला तेव्हा म्हस्कूनं त्यांचा.

चेअरमन माळावरच राहिला. आठ दिवस तो म्हस्कूशी बोलला नाही, म्हणजे हाक मारली की तोंड फिरवायचा, मग गिताबाईच्या भाकरीनं त्याचा राग गेला. लाडू बंद झाले. पुन्हा कोकरू गेलं तेव्हा म्हस्कूनं पंचनामा करू दिला. मॅडमनी त्याला समजावलं होतं, की आबा, हा सुनेच्या नावानं सरकारनं केलेला आहेर समजा. आहेर परत करत नाहीत, एवढं म्हस्कूला कळत होतं.

वैशाखात हर्षदाचं लग्न झालं. आहेर चालू असताना माइकवरच्या माणसानं हौसरावांचं नाव पुकारलं. ते उठले आणि त्यांनी म्हस्कूला टॉवेल-टोपी दिली. म्हस्कूनंही पिशवीतून टॉवेल-टोपी काढली आणि त्यांच्या हातात ठेवली. केंदूरचे सोपानराव, हर्षदाचे सासरे, शेजारी बसले होते. त्यांनी विचारलं, "हे तुमचे कोण?"

"हे बी तुमच्यासारखंच," म्हस्कू म्हणाला. "नात्यातलं."

पुढच्या हिवाळ्याआधी सुप्याकडून खरोखरच एक नर आला. मॅडमनी दिल्लीहून फोन करून कळवलं, ज्ञानदेवनं मोबाइलवर फोटो दाखवला. गिताबाईनं फोटो बराच वेळ निरखला आणि म्हणाली, "चांगला हाय. चेअरमनला सांगू नगा." त्यानंतर झालेली पिल्लं राखाडी होती, सगळीच्या सगळी.

चेअरमन म्हातारा झाला. मेंढरांमागं जायचा, पण बसून राखायचा. तो गेला त्या दिवशी म्हस्कूनं बांधावर खड्डा काढला, हौसराव आले, त्यांनी माती लोटली. मग म्हस्कू पटका काढून, उघड्या डोक्यानं, एकटाच माळ चढला. आपल्यात मयताची खबर सोयऱ्यांकडं माणूस पाठवून द्यावी लागते, ती फोनवर देत नाहीत. हिवराच्या झाडांपाशी तो उभा राहिला. गवतात काहीतरी हाललं आणि थांबलं.

"आगं बाई," म्हस्कू म्हणाला, "चेअरमन गेला."

चेअरमन मेला तो दोन हजार पंचवीस साली, धुळवडीच्या दिवशी सकाळी. लांडगीण त्याच वर्षी आखाडात मेली, म्हातारपणानं, असं ज्ञानदेवनं सांगितलं. तिची खबर घेऊन तो स्वतः चालत म्हस्कूच्या घरी आला होता.